वजन आणि घडणावळ

सोन्याचा डाग मोडायला नेला की सराफ तो आधी काट्यावर ठेवतो. वजन बघतो, कस लावतो, घट धरतो आणि आकडा सांगतो. ज्या सोनाराने तो डाग डोळे फोडून घडवला, त्याच्या मजुरीचा त्या आकड्यात एक पैसाही नसतो. घडणावळ बुडाली म्हणायचं, पैसे मोजून घ्यायचे आणि घरी यायचं.

अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या एका माणसाने असाच हिशेब केला होता. जुनं सोनं घ्यायचं आणि थोडा नफा ठेवून ते वितळवणाऱ्याला द्यायचं, हा त्याचा धंदा. एका जुन्या बाजारात त्याला सोन्याचं एक अंडं मिळालं. सिंहाच्या पंजांच्या तिवईवर ठेवलेलं, तिवईसकट उंची ८.२ सेंटिमीटर. अंड्याच्या अंगावर उभ्या पन्हळी, तिवईभोवती रंगीत सोन्याच्या फुलमाळा, माळा अडकवायला निळे नीलम आणि नीलमांच्या डोक्यावर हिऱ्यांच्या इवल्या फिती. अंडं उघडलं की आत बायकी घड्याळ, आणि त्यावर व्हाशेरों कॉन्स्टॅन्टिन हे नाव. सोनं आणि खडे धरून त्याने सुमारे १४ हजार डॉलर मोजले. पाचेकशे डॉलर सुटावेत एवढीच अपेक्षा होती, पण तीही फळेना. ज्याच्याकडे नेलं तो म्हणे, तू जास्तच भाव दिलास. मोडीतही कोणी घेईना, म्हणून अंडं घरातच पडून राहिलं.

२०१२ मध्ये एका रात्री त्याने ‘अंडं’ आणि घड्याळकंपनीचं नाव टाकून इंटरनेटवर शोध घेतला. २०११ मध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने छापलेला एक लेख समोर आला. रशियाच्या सम्राटाने १८८७ च्या ईस्टरला आपल्या राणीला दिलेलं, फाबेर्जेच्या पेढीतलं अंडं बेपत्ता आहे, असा तो मजकूर होता. फोटोतलं अंडं आणि घरातलं अंडं एकच होतं. फोटो घेऊन तो लंडनला वार्ट्स्की या जवाहिऱ्यांकडे गेला. तिथले तज्ज्ञ कीरन मॅकार्थी खात्री करायला अमेरिकेला आले, तेव्हा त्यांना ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर एका कपकेकशेजारी ठेवलेलं दिसलं. कपकेक अंड्यापेक्षा जरा मोठाच होता. एप्रिल २०१४ मध्ये ते लंडनमध्ये लोकांना पाहायला ठेवलं, तेव्हा त्याची किंमत दोन कोटी पौंडांच्या घरात असल्याचं छापून आलं.

वितळवणारा एखादा जरा सैल हाताचा निघाला असता, तर हे अंडं मुशीत गेलं असतं. हे वाचल्यापासून मला राहून राहून त्या ‘जरा’चाच विचार येतो. कारण ही एका अंड्याची गोष्ट नाही. क्रांतीनंतर रशियातल्या हजारो वस्तूंचं नशीब असंच काट्याच्या दोन पारड्यांमध्ये लटकलं होतं. एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात घडणावळ.

पीटर कार्ल फाबेर्जे १८४६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला जन्मला. वडील गुस्ताव्ह यांनी १८४२ मध्ये बोल्शाया मोर्स्काया रस्त्यावर दुकान काढलेलं. कार्लने युरोपात फिरून काम शिकून घेतलं आणि १८७२ मध्ये दुकानाची सूत्रं हातात घेतली. दुकान सांभाळून तो बिनपगारी हर्मिटेज संग्रहालयात जाई, तिथले जुने दागिने दुरुस्त करी. शकांच्या थडग्यांतून निघालेलं, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं सोनंकाम त्याने हाताळलं. कारागिराचा हात दोन हजार वर्षं टिकतो, हे तो तिथे शिकला असावा. १८८२ मध्ये मॉस्कोच्या प्रदर्शनात त्याच्या पेढीने तशाच दागिन्यांच्या प्रतिकृती मांडल्या आणि सुवर्णपदक मिळवलं.

१८८५ च्या ईस्टरला सम्राट तिसऱ्या अलेक्झांडरने राणी मारिया फ्योदोरोव्नासाठी पहिलं अंडं बनवून घेतलं. वरून अगदी साधं, पांढऱ्या मिन्याचं, अडीच इंचांचं. उघडलं की सोन्याचा बलक, बलकात सोन्याची कोंबडी, तिचे डोळे माणकांचे, आणि कोंबडीच्या पोटात हिऱ्यांचा मुकुट व माणकाचा लोलक. राणी हरखली. मग दर ईस्टरला एक अंडं ठरून गेलं. १८९४ मध्ये अलेक्झांडर वारला. मुलगा दुसरा निकोलस वर्षाला दोन अंडी करून घेऊ लागला, एक आईला आणि एक बायकोला. जपानशी युद्ध चालू होतं ती १९०४ आणि १९०५ ही दोन वर्षं तेवढी रिकामी गेली. बापाची दहा आणि मुलाची चाळीस, अशी पन्नास अंडी राजवाड्यात पोचली.

फाबेर्जेचं खरं बळ सोन्यात नव्हतं. १९१४ मध्ये एका रशियन मासिकाच्या मुलाखतीत त्याने स्पष्टच सांगितलं की ज्या वस्तूची किंमत केवळ तिच्यावर ठासलेल्या हिरे-मोत्यांमुळे वाढते, तिच्यात त्याला रस नाही. हे बोलणं कामातही दिसतं. त्याच्या कारखान्यातला मीना बघावा. आधी सोन्याच्या किंवा चांदीच्या पत्र्यावर यंत्राने अतिबारीक रेषांच्या लाटा कोरायच्या. त्यावर काचेच्या भुकटीचा पातळ थर द्यायचा आणि भट्टीत सातशे-आठशे अंशांवर भाजायचा. थंड झाला की दुसरा थर, पुन्हा भट्टी. असे पाच-सहा थर झाले की लाकडी चाकावर तासन् तास घासायचा. एका थरात बुडबुडा आला की सगळी मेहनत वाया. पण साधलं तर वस्तू हातात फिरवताना खालच्या लाटा हलल्यासारख्या दिसतात, पाण्यावर ऊन हलावं तशा. वजनकाट्यावर या सगळ्या कामाची किंमत शून्य.

हे काम करणारे दरबारी घराण्यांतले नव्हते. पन्नासातली बरीच अंडी ज्याच्या देखरेखीखाली झाली तो मिखाइल पेर्खिन करेलियातल्या शेतकरी घरातला. पेढीचा मुख्य जडावकारागीर ऑगस्ट होल्मस्ट्रॉम फिनलंडहून आलेला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर सापडलेलं अंडं याच होल्मस्ट्रॉमच्या कार्यशाळेत झालं. हे नाव लक्षात असू द्यावं, लेखाच्या शेवटी याच घराकडे परत यायचं आहे.

१९१७ मध्ये हा डोलारा कोसळला. झारने राज्य सोडल्यावर हंगामी सरकारने पेत्रोग्राडच्या राजवाड्यांतल्या मौल्यवान वस्तू पेट्यांत भरून मॉस्कोला क्रेमलिनमध्ये हलवल्या. जर्मन सैन्य जवळ येत होतं, त्यामुळे घाईच होती. बोल्शेविकांनी १९१८ मध्ये फाबेर्जेची पेढी ताब्यात घेतली. म्हातारा कार्ल रिगामार्गे जर्मनीत आणि तिथून स्वित्झर्लंडला गेला. २४ सप्टेंबर १९२० ला तो परमुलखातच वारला. राजमाता मारिया १९१९ मध्ये क्रिमियातून ब्रिटिश युद्धनौकेवर चढली, तेव्हा सगळ्या अंड्यांपैकी एकच तिच्याजवळ होतं. तेही १९१६ चं, युद्धकाळातलं, फारसा थाट नसलेलं.

नव्या सरकारला पैसा हवा होता. १९२१-२२ मध्ये व्होल्गाकाठी भीषण दुष्काळ पडला. फेब्रुवारी १९२२ च्या हुकमाने चर्चमधलं सोनं-चांदी जप्त करायला सुरुवात झाली. प्रार्थनेचे पेले, धर्मग्रंथांची वेष्टणं, देवचित्रांवरचे चांदीचे पत्रे गाडे भरभरून आले आणि त्यातलं पुष्कळसं वितळवलं गेलं. भुकेल्या तोंडाशी घास महत्त्वाचा की पेला, हा प्रश्न विचारायला सोपा आणि उत्तराला फार कठीण आहे. पण ज्यांनी तो पेला घडवला होता, त्यांची पिढ्यान् पिढ्यांची कला किलोच्या भावाने मोजली गेली, एवढं खरं. पुढे पंचवार्षिक योजनेसाठी परदेशी यंत्रं घ्यायची होती, त्यांना डॉलर लागत होते. मग ‘आन्तिक्वारियात’ नावाचं सरकारी खातं जुन्या वस्तू परदेशी विकू लागलं. हर्मिटेजमधली चित्रंही सुटली नाहीत. अमेरिकेचे अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांनी १९३०-३१ मध्ये तिथली २१ चित्रं ६६ लाख डॉलरना घेतली.

अंड्यांना मात्र गिऱ्हाईक नव्हतं. युरोपातल्या जाणकारांना ती जुनाट आणि सत्ता गमावलेल्या दरबाराची खेळणी वाटत. अशा वेळी लंडनच्या वार्ट्स्की पेढीचे एमॅन्युएल स्नोमन १९२० च्या दशकात रशियाला फेऱ्या मारू लागले आणि त्यांनी एकामागून एक अशी नऊ अंडी आणली. त्यातलं एक त्यांना ४५० पौंडांना पडलं. त्याच्याकडे पुढे येतोच.

दुसरा माणूस वेगळ्या घडणीचा. आर्मंड हॅमर न्यूयॉर्कचा, डॉक्टरकीची पदवी घेऊन १९२१ मध्ये मॉस्कोला गेला, लेनिनला भेटला, ॲस्बेस्टॉसच्या खाणीचा परवाना आणि नंतर पेन्सिलींचा कारखाना मिळवला. परतताना त्याच्याकडे पेट्याच्या पेट्या भरून रशियन वस्तू होत्या. अमेरिकेत तेव्हा महामंदी होती. संग्रहालयं आणि धनिक पाठ फिरवतील हे ओळखून त्याने तो माल डिपार्टमेंट स्टोअरमध्ये मांडला, आधी १९३२ मध्ये सेंट लुईसला आणि मग जानेवारी १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘लॉर्ड अँड टेलर’मध्ये. जिथे बायका हातमोजे आणि टोप्या घ्यायला येत, तिथे काचेमागे झारची अंडी. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, चिठ्ठीवर राजवाड्याचं नाव. चिठ्ठ्यांवरची सगळीच माहिती खरी नव्हती, हे आता अभ्यासकांनी दाखवलं आहे. मालात बनावट तुकडे मिसळल्याचेही आरोप पुढे झाले. हॅमर व्यापारी होता, आणि त्याला साव म्हणायचं कारण नाही. तरीही एक गोष्ट त्याला नेमकी उमगली होती. माणसं नुसतं सोनं विकत घेत नाहीत, त्या सोन्याला कोणाचा हात लागला होता तेही विकत घेतात.

लिलियन थॉमस प्रॅट ही त्याची सर्वांत निष्ठावान गिऱ्हाईक. जन्म फिलाडेल्फियाचा. तरुणपणी वॉशिंग्टन राज्यात टाकोमाला स्टेनोग्राफरची नोकरी करून तिने पोट भरलं होतं. पुढे तिचं लग्न जनरल मोटर्सचे एक मोठे अधिकारी जॉन ली प्रॅट यांच्याशी झालं आणि दोघं व्हर्जिनियात फ्रेडरिक्सबर्गला राहू लागली. १९३३ पासून तिने रशियन वस्तू घ्यायला सुरुवात केली. श्रीमंताघरची बाई, पण खरेदी आपल्याकडच्या मध्यमवर्गीय गृहिणीसारखी हप्त्याहप्त्याने. या महिन्यात थोडे, पुढल्या महिन्यात थोडे. असं करत तिने पाच शाही अंडी जमवली. त्यातलं १९१२ चं अंडं गडद निळ्या लाजवर्दी दगडाचं आहे, आत आजारी युवराज अलेक्सेइचं चित्र. १९४७ मध्ये ती वारली, तेव्हा मृत्युपत्राने सगळा संग्रह रिचमंडच्या व्हर्जिनिया म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सला गेला. तिच्या संग्रहाविषयी मला विशेष माया वाटते. तिला या वस्तूंतून नफा करायचा नव्हता आणि मिरवायला दरबारही नव्हता. लुइझियानातली तेलधनी मॅटिल्डा गेडिंग्ज ग्रे हीसुद्धा याच काळातली. सोन्याच्या टोपलीत मोत्यांच्या कळ्यांची झुडपं असलेली, मारियाच्या सुनेला मिळालेली फाबेर्जेची १८९६ ची परडी आज जग पाहू शकतं, ते ग्रेबाईंनी ती वेळेत घेतली म्हणून.

मार्जरी मेरिवेदर पोस्टची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. नाश्त्याच्या धान्याच्या पुड्यांवर उभं राहिलेलं वडिलांचं साम्राज्य १९१४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तिच्याकडे आलं. तिचे पती जोसेफ डेव्हिस अमेरिकेचे राजदूत म्हणून जानेवारी १९३७ मध्ये मॉस्कोत दाखल झाले. अन्न आपलं असावं म्हणून फ्रीजर भरून सामान बरोबर, आणि ‘सी क्लाउड’ हे तिचं जहाज लेनिनग्राडच्या बंदरात. सरकारी दुकानं आणि गोदामं तिच्यासाठी उघडली गेली. चर्चमधून आलेले पेले आणि भांडी काळी पडून ढिगात पडली होती आणि चांदीच्या वजनावर विकली जात होती. मार्जरी त्या ढिगात बसून निवडत असे. घासल्यावर काळ्या थराखालून सोन्याचा मुलामा आणि नाजूक मिनाकाम वर येई.

बाहेर मॉस्कोत तेव्हा काय चाललं होतं? स्टालिनच्या खटल्यांचं आणि अटकांचं वर्ष होतं ते. तिचे पती त्या खटल्यांना बसले आणि आरोपींचे कबुलीजबाब त्यांनी बरेचसे खरे मानले. ते त्यांचं मोठं अपयश होतं. मार्जरीने घेतलेल्या वस्तू ज्या मठांतून ओरबाडल्या होत्या, तिथले धर्मगुरू तुरुंगात किंवा मातीत होते. हे विसरून तिच्या संग्रहाचं कौतुक करता येत नाही. आणि तिने ते पेले उचलले नसते तर त्यांतले किती मुशीत गेले असते, हेही विसरता येत नाही. १९५५ मध्ये तिने वॉशिंग्टनमध्ये हिलवुड हे घर घेतलं, वस्तू मांडल्या आणि घर लोकांसाठी ठेवून ती १९७३ मध्ये गेली. कॅथरिन राणीच्या हुकमावरून १७९१ मध्ये इव्हर बुख या कारागिराने घडवलेला सोन्याचा, हिरे जडवलेला प्रार्थनापेलाही तिथेच आहे. रशियाबाहेर रशियन कलावस्तूंचा एवढा मोठा साठा क्वचितच कुठे असेल.

मग पुढची पिढी आली आणि भाव बदलले. इजिप्तचा राजा फारूक झपाटून जमवत होता. तो पदच्युत झाल्यावर १९५४ मध्ये कैरोच्या राजवाड्यात त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. मासिकाचा मालक माल्कम फोर्ब्सने वीस-पंचवीस वर्षांत नऊ शाही अंडी जमवली आणि क्रेमलिनमधल्या दहांशी बरोबरी करण्याचा चंग बांधला. आपल्याला नवल वाटेल, पण १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात आपलं होल्मस्ट्रॉमचं अंडं ‘अंड्याच्या आकाराच्या डबीतलं सोन्याचं घड्याळ’ म्हणून २,४५० डॉलरना गेलं होतं. झारच्या अंड्यांसाठी जग पालथं घालणारी माणसं त्याच शहरात होती आणि कोणीच ओळखलं नाही. फोर्ब्सच्या वारसांनी संग्रह लिलावात काढला, तेव्हा फेब्रुवारी २००४ मध्ये रशियन उद्योगपती व्हिक्टर व्हेक्सेलबर्ग यांनी लिलावाआधीच सगळा उचलला. किंमत दहा कोटी डॉलरच्या वर गेल्याचं सांगतात. ती नऊ अंडी आता सेंट पीटर्सबर्गमध्ये फोंतांका नदीकाठच्या शुवालोव्ह राजवाड्यात आहेत. पन्नासांपैकी सहा-सात अंड्यांचा अजून पत्ता नाही.

आता स्नोमन यांनी ४५० पौंडांना आणलेल्या त्या अंड्याकडे येऊ.

ऑगस्ट होल्मस्ट्रॉमची एक नात होती, आल्मा पील. जन्म १८८८, मॉस्को. आजोबांच्या मागे कार्यशाळा मामा अल्बर्टकडे आली. विशीच्या सुमारास आल्मा तिथे कामाला लागली. काम काय, तर तयार झालेल्या प्रत्येक डागाचं खऱ्या मापाचं चित्र वहीत काढून ठेवायचं. रिकाम्या वेळात ती स्वतःचे नमुने काढायची, ते मामाच्या नजरेत भरले. एकदा तेलसम्राट इमॅन्युएल नोबेलची घाईची मागणी आली. चाळीस छोटे डाग हवेत, नमुना नवा हवा, आणि माल इतका स्वस्त हवा की ती भेट कोणाला लाच वाटू नये. म्हणजे वजन जवळपास नाहीच, सगळी भिस्त घडणावळीवर. आल्मा कार्यशाळेच्या खिडकीशी बसली होती. बाहेर पीटर्सबर्गचा हिवाळा, आणि उन्हात चमकणाऱ्या काचेवर बर्फाची नक्षी धरलेली. तिने तीच कागदावर उतरवली. बर्फाच्या स्फटिकांच्या ब्रोचची ती मालिका नोबेलला फार आवडली.

१९१३ मध्ये शाही अंड्याचं काम तिच्याकडे आलं. तिने ते स्फटिकाचं केलं, आरपार दिसणाऱ्या पातळ स्फटिकाचं. आतून नक्षी कोरली, बाहेरून प्लॅटिनमच्या तारेत हजारो इवले हिरे बसवून काचेवरचं बर्फ उमटवलं. बैठक वितळत्या बर्फाच्या लादीसारखी. अंडं उघडलं की प्लॅटिनमची परडी, त्यात पांढऱ्या दगडाची रानफुलं, सोन्याच्या तारांचे देठ, हिरव्या दगडाची पानं. हिवाळ्याच्या पोटात वसंत. निकोलसने २४,६०० रूबल मोजून ते आईला दिलं.

क्रांतीनंतर आल्मा नवऱ्याबरोबर फिनलंडला गेली. कुसानकोस्की नावाच्या कागदगिरण्यांच्या गावात ती शाळेत चित्रकला आणि सुलेखन शिकवू लागली. वीसहून अधिक वर्षं शिकवलं. आपल्या बाईंनी झारसाठी काय घडवलं होतं हे मुलांना माहीत नव्हतं. तिचं अंडं इकडे हातोहात फिरत होतं. वार्ट्स्कीने १९३४ मध्ये ते १,५०० पौंडांना विकलं. १९७५ नंतर ते दिसेनासंच झालं. १९९४ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात वर आलं तेव्हा ५६ लाख डॉलरना गेलं, २००२ मध्ये न्यूयॉर्कला ९६ लाखांना, आणि २ डिसेंबर २०२५ ला लंडनमध्ये सुमारे २ कोटी २९ लाख पौंडांना. फाबेर्जेच्या कोणत्याही वस्तूला लिलावात एवढी किंमत कधी आली नव्हती.

आल्मा पील १९७६ मध्ये वारली. तिच्या कार्यशाळेतल्या चित्रांच्या दोन वह्या त्यानंतर लंडनच्या जवाहिऱ्यांच्या हाती आल्या. १९०९ ते १९१५ या काळात घडलेल्या डागांची चित्रं त्यांत आहेत. त्यांत बर्फाचे स्फटिकही आहेत. ते पाहिल्यावर कुठे अभ्यासकांना कळलं की ही नक्षी कोणाच्या हातची होती.